सडा, पेडणे तालुका

यंदाच्या पावसाळ्यात मी आमच्या कॉलेजच्या हर्बेरियममधल्या, म्हणजे दाबून वाळवलेल्या झाडांच्या संग्रहातल्या, जुन्या शीट्स संगणकावर चढवायला घेतल्या आहेत. काम म्हटलं तर साधं. लोखंडी कपाट उघडायचं, एकेका कुळाचा गठ्ठा टेबलावर आणायचा, प्रत्येक शीटचा फोटो काढायचा आणि लेबलावर लिहिलेलं जसंच्या तसं रकान्यांत भरायचं: नाव, कूळ, स्थळ, तारीख, कुणी गोळा केलं, कितवा नंबर. कपाटाचं दार उघडलं की डांबरगोळ्यांचा वास नाकात शिरतो आणि संध्याकाळी घरी गेल्यावरही कपड्यांना येत राहतो. जून ते सप्टेंबर गोव्याच्या हवेत कागद सांभाळायचा म्हणजे रोज लक्ष द्यावं लागतं. चार दिवस खोली बंद राहिली की शीटच्या कडांवर पांढुरकी बुरशी दिसायला लागते.

जुलै संपता संपता स्क्रोफ्युलॅरिएसी या कुळाचा गठ्ठा हातात आला. ८३ शीट्स. हा गठ्ठा नाव न वाचताही ओळखता येतो, कारण त्यातली बरीचशी झाडं काळी पडलेली असतात. तपकिरी नव्हे, काळी, चुलीतून काढल्यासारखी. इतर कुळांच्या शीट्सवर हिरव्याचा मातकट झालेला रंग तरी उरतो, जांभळ्या फुलाची निळसर सावली तरी राहते. इथे तुतारी, दुधाळी, टारफुला, सगळ्यांचा एकच रंग. यांच्या पेशींत ऑक्युबिनसारखी द्रव्यं असतात. झाड जिवंत असताना ही द्रव्यं एका कप्प्यात आणि त्यांना फोडणारं एन्झाइम दुसऱ्या कप्प्यात असतं. झाड दाबून वाळवलं की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि काळिमा पसरत जातो. चिरून ठेवलेलं वांगं काळं पडतं त्यातलाच प्रकार, रसायन मात्र वेगळं.

तुतारीचं फूल ज्यांनी पाहिलंय त्यांना ही शीट बघवणार नाही. भर पावसात, भिजलेल्या गवतातून वर आलेली ती पांढरीशुभ्र फुलं. बोटाच्या दोन पेरांएवढी लांब, जराशी वाकलेली बारीक नळी आणि टोकाला उघडलेल्या पाच पाकळ्या. नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण याहून नेमकं नाव सुचणार नाही. तेच फूल कागदावर पाचव्या दिवशी शाईच्या डागासारखं दिसतं. म्हणून आमचे सर एक नियम घालून द्यायचे. जे कागदावर राहणार नाही ते आधी लेबलावर लिहा. फुलाचा रंग, वास, झाडाची उंची, जमीन कसली, पाणी किती, शेजारी काय उगवलंय. झाड आपोआप टिकतं, म्हणायचे, बाकीचं तुम्ही लिहिलंत तरच टिकेल.

या कुळाचं लॅटिन नाव एका दुखण्यावरून आलं आहे. गंडमाळा, म्हणजे गळ्याच्या गाठी सुजण्याचा रोग, त्याला लॅटिनमध्ये स्क्रोफ्युला म्हणत. युरोपात या कुळातल्या एका झाडाची मुळं गाठीगाठींची असतात. गाठीसारखं मूळ म्हणून गाठीवर औषध, असा तिथल्या जुन्या वैद्यांचा हिशेब होता. त्या झाडाचं नाव झालं स्क्रोफ्युलॅरिया आणि त्याच्यावरून सगळ्या कुळाचं. मराठी पुस्तकांत कुणी याला नीरब्राह्मीचं कूळ म्हणतात. ते मला अधिक जवळचं वाटतं, कारण नीरब्राह्मी आमच्या खाजनांच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांच्या, बांधांवर, अर्ध्या खाऱ्या चिखलातही पसरलेली दिसते. जाड, गुळगुळीत, चमच्याच्या आकाराची बारकी पानं आणि फिकट जांभळी झाक असलेली फुलं. औषधाची ब्राह्मी ती हीच, असं एक म्हणतो. दुसरा म्हणतो, ब्राह्मी म्हणजे आमची एकपानी, जिची चटणी करतात. दोन्ही झाडं वेगळी, कुळं वेगळी, पानं शेजारी ठेवली तर लहान मूलही फरक सांगेल. पण नुसत्या शब्दावर भांडण वर्षानुवर्षं चालू शकतं. शीट समोर ठेवली की दोन मिनिटांत मिटतं.

ब्राह्मी या शब्दाचा प्रवास मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते. सतराव्या शतकात कोचीचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ‘हॉर्टस मलबारिकस’ तयार करवून घेतला. त्यासाठी माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मलबारी वैद्य होते आणि रंगभट, विनायक पंडित, आपुभट हे तीन कोकणी ब्राह्मणही होते. त्या तिघांनी १६७५ साली लिहून दिलेला दाखला ग्रंथाच्या पहिल्याच खंडात आहे, कोकणी भाषेत आणि नागरी अक्षरांत. झाडांच्या चित्रांवरही नावं नागरीत कोरलेली आहेत. पहिल्यांदा ते पान पाहिलं तेव्हा मी बराच वेळ पुढे सरकले नाही. लॅटिन ग्रंथात आपली अक्षरं! त्याच ग्रंथात ‘ब्रामी’ या नावाखाली नीरब्राह्मीचं चित्र आहे, आणि पुढे फ्रान्सच्या लामार्क या शास्त्रज्ञाने तिच्या वंशाला नावच दिलं ‘ब्रामिया’. ते फार दिवस चाललं नाही. आज शास्त्रात तिला बॅकोपा म्हणतात.

पण त्या थोर ग्रंथामागे वाळवलेल्या झाडांचा संग्रह नाही. चित्रं आहेत, वर्णनं आहेत, झाडं नाहीत. त्यामुळे कुठलं चित्र नक्की कुठल्या झाडाचं, यावर पुढच्या पिढ्यांची किती वर्षं गेली. केरळातल्या के. एस. मणिलाल यांनी आयुष्यातली कित्येक दशकं त्याच मुलखात हिंडून ती झाडं पुन्हा गोळा केली, आणि त्यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर २००३ साली निघालं. एका न ठेवलेल्या संग्रहाची भरपाई अशी करावी लागते.

तर त्या गठ्ठ्यात एकोणतिसावी शीट माझी निघाली.

माझं अक्षर मी लगेच ओळखलं. त्या काळात मी ‘ल’ एका विशिष्ट वळणाने काढायची, तो ‘ल’ तिथे होता. एम.एस्सी.चं पहिलं वर्ष. तुतारीची तीन झाडं, दोऱ्याने पाच ठिकाणी टाचलेली, मुळांसकट काळी. उजव्या कोपऱ्यात लेबल. नाव बरोबर. तारीख ३१ ऑगस्ट १९९७. फुलं पांढरी, असं लिहिलेलं. आणि स्थळाच्या पुढे तीन शब्द: सडा, पेडणे तालुका.

बस. एवढंच.

पेडणे तालुक्यात सडे का एकच आहे? तेव्हा मला वाटलं असेल, फील्ड बुकात, म्हणजे रानात न्यायच्या नोंदवहीत, सगळं सविस्तर आहेच, लेबलावर जागा कमी, मग थोडक्यात लिहू. लेबलावर कलेक्शन नंबर आहे, १४. चौदा नंबरच्या नोंदीत मी गावाचं नाव लिहिलं होतं, वाटेत लागलेली घुमटी, म्हणजे लहानसं देऊळ, लिहिली होती, तळीपासून किती पावलं तेही लिहिलं होतं. हे मला आठवतं. पण ते फील्ड बुक दोन घरं बदलताना आणि एका पावसाळ्यात माळ्यावर राहून गेलं. वाळवीने पुठ्ठ्याची नुसती चौकट ठेवली होती.

आता कुणी म्हणेल, एका झाडाचं गाव नाही कळलं तर काय बिघडलं? मला हे जरा नीट सांगायचं आहे, कारण एवढ्यासाठीच मी हा लेख लिहायला बसले.

तुतारी हिरवी असते, स्वतःचं अन्न स्वतः करते, पण पूर्ण नाही. जमिनीखाली तिची मुळं शेजारच्या मुळांना चिकटतात आणि त्यांच्यातून पाणी, क्षार ओढून घेतात. अर्धपरजीवी म्हणतात ते हेच. देशावर ज्वारीला छळणारा टारफुला तिचाच भाऊबंद. त्याला शेतकरी शिव्या देतो आणि ते योग्यच आहे, पोटावर पाय येतो त्याच्या. तुतारी मात्र सड्यावरच्या रानगवतांत असते, कुणाचं पीक बुडवत नाही. पण म्हणूनच ती कुंडीत लावता येत नाही. मी दोनदा मातीच्या ढेकळासकट आणून पाहिली, दोन्ही वेळा आठवड्यात मान टाकली. शीटवर ती एकटी दिसते हे शीटचं अपुरेपण आहे. उपटताना जिथे तिची मुळं तुटली तिथे दुसरं कुणी होतं. त्या दुसऱ्याचं नाव, त्या जमिनीचं नाव लेबलावर नसेल, तर कागदावर अर्धंच झाड आहे.

आणि सडा म्हणजे काय ते गोव्याबाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगते. जांभ्या दगडाचं उघडं पठार. एप्रिलमध्ये त्यावर अनवाणी पाय ठेववत नाही. सरकारी कागदात अशा जागेपुढे सहज ‘पडीक’ लिहिलं जातं आणि ते लिहिणारा माणूस ती जागा बहुधा एप्रिलमध्येच बघून आलेला असतो. पाऊस सुरू झाला की दगडाच्या खळग्यांत पाणी साचतं, चार बोटं मातीवर हिरवळ चढते आणि मग पंधरा-पंधरा दिवसांनी जमिनीचा रंग बदलत जातो. गेंदाची पांढरी बटणं, सीतेच्या आसवांची निळी-जांभळी चादर, किडे खाणारं दवबिंदू, नंतर तुतारी, आणि पाऊस ओसरताना गवतातून गुलाबी दुधाळी. चवथीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधतात त्या फळाफुलांच्या मांडणीला, रानातलं काय काय आणायला गावची माणसं याच सड्यांवरून आणि उतारांवरून हिंडतात. दिवाळीपर्यंत सगळं वाळून पुन्हा दगड.

पेडण्यातल्या एका मोठ्या सड्यावर, मोप्याला, आता विमानतळ आहे. जानेवारी २०२३ पासून तिथे विमानं उतरतात. विमानतळ हवा की नको हा वाद मी इथे काढत नाही. तालुक्यातल्या कितीतरी घरांत त्यावर दोन मतं आहेत, आमच्याही घरात आहेत. माझा प्रश्न फार लहान आहे. माझी तुतारी त्या सड्यावरची होती का? असेल, तर धावपट्टी होण्याच्या कितीतरी आधी, एका ठरावीक दिवशी, तिथे काय फुललं होतं याचा ती पुरावा आहे. नसेल, तर ती दुसऱ्या एका सड्याची साक्षीदार आहे, जो अजून जागेवर आहे आणि ज्याच्यासाठी उद्या असा पुरावा लागू शकतो. मी तीन शब्द लिहून दोन्ही साक्षी घालवल्या.

त्या रविवारी मला बाबांनी स्कूटरवरून नेलं होतं. चवथ आठवड्यावर आली होती, घरात रंगकाम चाललं होतं, तरी ते आले. झाडं दाबायच्या प्रेसच्या लाकडी फळ्या आणि जुन्या वर्तमानपत्रांची चळत त्यांनी पायांपाशी ठेवली होती, मी मागे छत्री धरून. म्हणून पंधरा ऑगस्टच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा शीटचा फोटो मोबाइलवर घेऊन गेले. बाबा आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. चष्मा पुसून त्यांनी फोटो जवळ धरला, लांब धरला.

“खंयचो सडो गो? आमी दोन सड्यांचेर गेल्ले.”

दोन! मला एकच आठवत होता. बाबांना सकाळी मोप्याच्या बाजूने वर चढलेलं आठवत होतं, तिथे धुकं इतकं की स्कूटर ढकलत नेली. मग दुपारी परतताना आजोळाजवळचा, गावात ज्याला नुसतं वयलो सडो म्हणतात, तिथे थांबलो होतो. कारण आजीकडे जेवायचं होतं. फुलं कुठे काढलीस ते मात्र मला विचारू नकोस, म्हणाले. तू दोन्हीकडे वाकून वाकून काहीतरी उपटतच होतीस. थोड्या वेळाने चहा पिताना पुन्हा म्हणाले, पहिल्यावरच असेल, कारण दुसऱ्यावर पोचेपर्यंत तुझी वर्तमानपत्रं भिजली होती. मग तेही त्यांना पक्कं वाटेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही वयल्या सड्यावर गेलो, या वेळी गाडीने. बाबा छत्री घेऊन एका चिऱ्यावर टेकले. तुतारी होती. घुमटीच्या मागे उतारावर, गवताच्या दाट पट्ट्यात, मोजली तेव्हा चाळीसेक झाडं. तिथे ती आज आहे म्हणून १९९७चीही तिथलीच, असं म्हणता येत नाही, हे मला ठाऊक होतं. तरीही गुडघ्यांवर बसून मी खूप वेळ त्या फुलांकडे बघत राहिले. एकच झाड घेतलं, हलक्या हाताने, आणि या खेपेला मुळं ज्या गवतात गुंतली होती ते गवतही त्याच्यासोबत घेतलं. वर्तमानपत्राच्या घडीत फूल ठेवताना नळी सरळ राहील अशी बोटाने धरली, एक पाकळी उलटून ठेवली म्हणजे मागची बाजूही दिसेल. घुमटी, तळी, उतार कुठल्या दिशेला, मातीचा थर किती, अक्षांश, रेखांश, सगळं तिथेच उभ्याने लिहिलं. बाबांनी वही भिजू नये म्हणून छत्री माझ्याकडे कलती केली आणि स्वतः भिजले.

कॉलेजात परत आल्यावर गठ्ठ्याचं उरलेलं काम पुढे नेलं. त्यात एक वेगळंच काम निघालं: कुळाचं नावच बदलायचं. हे कूळ एके काळी फार मोठं होतं, जगभरात सुमारे ५००० जाती. बेंथॅम या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३५ साली भारतातल्या या कुळावर लंडनमध्ये स्वतंत्र पुस्तिका काढली होती, इतकी त्याची व्याप्ती. फुलाचा दोन ओठांचा आकार आणि पुंकेसर बघून झाडं या खोलीत टाकली जायची. पुढे हरितकणांमधल्या जनुकांची तुलना सुरू झाली. ओल्मस्टेड हे वनस्पतिशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ आणि मग २००१ मध्ये दाखवून दिलं की हे एक घर नाहीच, वेगवेगळ्या घरांची माणसं एका छपराखाली बसवलेली आहेत. तुतारी, दुधाळी, टारफुला ओरोबँकेसीत गेले, म्हणजे परजीवी परजीव्यांत. लिंडर्निया आणि बागेतली टोरेनिया यांचं स्वतंत्र कूळ झालं. नीरब्राह्मी, पाण्यातली सुवासिक लिम्नोफिला, हिमालयातली कडू कुटकी, आणि जिच्यापासून हृदयाच्या रोग्यांची डिगॉक्सिनची गोळी येते ती डिजिटॅलिस, या सगळ्या इसबगोलाच्या कुळात. आमच्या ८३ शीट्सपैकी जुन्या कुळात उरली फक्त एक, व्हर्बॅस्कमची. तीही कुणा विद्यार्थ्याने घाटावरच्या सहलीतून, नदीकाठावरून आणलेली.

काही जणांना या नावबदलांचा वैताग येतो. मला येत नाही. जुनं लेबल आम्ही खोडत नाही, त्यावर कागद चिकटवत नाही. शेजारी एक लहान चिठ्ठी लावतो, नवं नाव, चिठ्ठी लावणाऱ्याचं नाव, वर्ष. एका लिंडर्नियाच्या शीटवर चार चिठ्ठ्या आहेत. १९६८ सालच्या हस्ताक्षरापासून आतापर्यंत चार माणसांनी ते फूल गरम पाण्यात भिजवून, भिंगाखाली उघडून बघितलं आहे: किती पुंकेसर फलद्रूप, किती वांझ, त्यांच्या तळाशी तो बारीकसा अंकुश आहे की नाही. चौघांची मतं वेगळी. पण मूळ लेबलावर गाव आहे, ओढ्याचं नाव आहे, तारीख आहे, भाताच्या मळ्यात असं लिहिलेलं आहे, आणि त्याबद्दल चौघांपैकी कुणाचंच भांडण नाही. उद्या पाचवा येईल, तोही त्याच मळ्यात जाऊन उभा राहू शकेल. हे लेबल लिहिणाऱ्याचं मला फार कौतुक वाटतं. लिस्बनला १८९८ साली छापलेल्या दालगादो यांच्या गोवा-सावंतवाडीच्या वनस्पतींच्या ग्रंथापासून ते १९८५-८६मध्ये दोन खंडांत निघालेल्या शेषगिरी राव यांच्या फ्लोरापर्यंत, म्हणजे इथल्या वनस्पतींच्या ग्रंथापर्यंत, या मुलखातल्या झाडांबद्दल जे काही छापलं गेलं ते कुणीतरी चिखलात उभं राहून पाहिलेल्या अशा एकेका झाडाच्या आधारावर.

एकोणतिसाव्या शीटकडे मी शेवटी वळले. मोह झाला होता, खोटं कशाला बोलू. बाबांना पहिल्याच सड्याचं वाटत होतं. लेबलावर ‘सडा’ या शब्दाच्या आधी चार अक्षरांपुरती जागाही होती. शाईही तसलीच मिळाली असती. पण चिठ्ठीच कापली, आणि तीवर लिहिलं: कूळ आता ओरोबँकेसी. स्थळ अनिश्चित, पेडणे तालुक्यातल्या दोन सड्यांपैकी एक. फील्ड बुक उपलब्ध नाही. बरोबर असलेल्या व्यक्तीच्या आठवणीप्रमाणे बहुधा मोप्याचा सडा, खात्री नाही. तुलनेसाठी याच वर्षीचा वयल्या सड्यावरचा नमुना पाहावा. खाली सही, तारीख. चिठ्ठी लेबलाच्या डाव्या अंगाला चिकटवली आणि डिंक वाळेपर्यंत वर काचेचं वजन ठेवलं.

मग संगणकावर रकाने भरले. स्थळ: सडा, पेडणे तालुका. अक्षांश आणि रेखांशाचे दोन रकाने रिकामे सोडले आणि तिसावी शीट उचलली.